वर्गणी थकलेला वाचक

वर्तमानपत्र घरी यावे की येऊ नये, हा प्रश्न पूर्वी घरात निघतच नसे. कोणते यावे, यावर मात्र वाद होत. वडिलांना एक हवे असे, काकांना दुसरे, आणि शेवटी महिन्याचे बिल ज्याच्या खिशातून जाई त्याचे चाले. आता प्रश्न निराळा झाला आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांनी गेल्या काही वर्षांत पेपर बंद केला. कारण विचारावे, तर सगळीकडे एकच उत्तर मिळते : "फोनवर सगळे फुकट येते की! मग रद्दी कशाला वाढवायची?" हे उत्तर देणारी माणसे अडाणी नाहीत. चांगली वाचणारी, दिवाळीला दोन-तीन अंक आवर्जून विकत घेणारी अशी आहेत. म्हणून या उत्तराची नुसती थट्टा करून भागणार नाही. त्याची नीट तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी एका लहानशा खासगी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे जो काही भूगोल, जे काही राजकारण आणि मुख्य म्हणजे जे काही मराठी मला आले, त्यातला मोठा वाटा वर्तमानपत्रांचा आहे. तेव्हा माझा कल कोणीकडे असणार, हे चाणाक्ष वाचकांनी ताडलेच असेल. पण कल असणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. कादंबरीवर टीका लिहिताना आपण लेखकाचा कागद चांगला आहे की वाईट, हे पाहत नाही; रचना पाहतो, भाषा पाहतो, आणि लेखक कोणाला खूश करण्यासाठी लिहितो आहे हेही पाहतो. वर्तमानपत्रालाही तोच न्याय लावून पाहावा.

प्रथम रचना. दैनिकाचे पान हे एक मत असते. आठ कॉलमी मथळा कशाला द्यायचा, घडीच्या वर काय ठेवायचे, कोणती बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकायची, हे रात्री कोणीतरी ठरवलेले असते. या ठरवण्यात तो माणूस चुकतो, कधी लबाडीही करतो. परंतु त्याने काय ठरवले ते सकाळी गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच जागी दिसते. मोबाईलच्या पडद्यावर धरणफुटीची बातमी आणि नटीच्या साडीची बातमी एकाच मापाच्या चौकोनात येतात. शिवाय माझ्या पडद्यावर जे वर असते ते तुमच्या पडद्यावर कदाचित नसतेच.

गेल्या पावसाळ्यात मी सातवीच्या वर्गात एक उद्योग करून पाहिला. निम्म्या मुलांना त्या दिवशीचे दैनिक दिले आणि निम्म्यांना घरच्या मोबाईलवरून दिवसातली सर्वांत मोठी बातमी शोधून आणायला सांगितले. दैनिकवाल्या मुलांत पाच मिनिटांत भांडण लागले. एका मुलीचे म्हणणे, "सर, आमच्या गावची मुक्कामाची एस.टी. बंद झाल्याची बातमी इतकी खाली का टाकली? ती पहिल्या पानावर हवी होती." दुसऱ्याला ते पटेना, त्याच्या मते पाणी सोडल्याची बातमी मोठी. दोघेही संपादकाशी भांडत होते आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. मोबाईलवाल्या मुलांकडे मात्र भांडण झालेच नाही, कारण प्रत्येकाची बातमी वेगळी होती. एकाने बिबट्याची चित्रफीत पाहिली होती. मी विचारले, "कुठला बिबट्या? कधीचा?" त्याला सांगता येईना. त्या चित्रफितीत गावाचे नाव नव्हते, तारीख नव्हती. बिबट्या आपल्या जिल्ह्यातला की परराज्यातला, कालचा की तीन वर्षांपूर्वीचा, हे कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी मी मुलांना फळ्यावर एवढेच लिहून दाखवले : 'पुणे, ता. १२ :'. मराठी दैनिकांत बातमीच्या तोंडाशी ही अक्षरे असतात आणि आपण ती कधी वाचत नाही. पण या अक्षरांत एक हमी आहे. अमुक गावी, अमुक दिवशी, आमचा माणूस होता किंवा आमच्यासाठी कोणी तिथे होते. खोटे निघाले तर आमचा पत्ता शेवटच्या पानाच्या तळाशी छापला आहे. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे छापणे कायद्यानेच भाग आहे, आणि ती ओळ कितीही बारीक टाईपात असली तरी तिच्यापायी माणसे तुरुंगात गेलेली आहेत. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती 'केसरी'तल्या लेखांबद्दल. ते लेख कोणी लिहिले, कोणी छापले, हे शोधण्यासाठी सरकारला फार हिंडावे लागले नाही.

आता भाषा. मथळा हा वर्तमानपत्री वाङ्मयाचा सर्वांत कठीण प्रकार आहे, असे माझे मत आहे. चार-सहा शब्दांत बातमी सांगायची, आणि बातमी सांगून झाल्यावरही वाचकाला आत ओढायचे. १८९७ साली 'केसरी'त 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या मथळ्याचा अग्रलेख आला, तो मराठी माणसाला अजून आठवतो. हा प्रश्नार्थक मथळा आहे, हे लक्षात घ्या. मोबाईलवरचे मथळेही बहुधा प्रश्नार्थकच असतात. मग फरक कोणता? टिळकांच्या प्रश्नात लेखकाचे उत्तर आधीच गाजत असते. त्यात काहीही लपवलेले नसते. मोबाईलवरचा मथळा मुख्य शब्दच काढून घेतो. 'या' अभिनेत्याने घेतला मोठा निर्णय. 'हा' पदार्थ रोज खाता? मग सावधान! कोणता अभिनेता, कोणता पदार्थ, ते आत गेल्याशिवाय कळू नये अशी योजना. दर्शक सर्वनामाला एवढी मजुरी मराठीत यापूर्वी कधी करावी लागली नव्हती. मी व्याकरण शिकवतो; 'हा, ही, हे' जवळची वस्तू दाखवण्यासाठी असतात, असे मुलांना सांगतो. इथे ती वस्तू दडवण्यासाठी वापरली जातात. आणि दुःखाची गोष्ट ही, की हे मथळे लिहिणारे हात पुष्कळदा त्याच वृत्तसंस्थांचे असतात, ज्यांच्या छापील अंकात सकाळी तीच बातमी सरळ मराठीत आलेली असते. लेखनाची ऐपत आहे. पण एका दाराशी एक चेहरा, दुसऱ्या दाराशी दुसरा.

इथपर्यंत वाचून कागदाचे अभिमानी खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावे.

आज आपल्या दारात पडणारे दैनिक उघडा. पुष्कळ दिवशी पहिले पान पहिले नसतेच. त्यावर कोणा गृहसंकुलाची किंवा सोनाराची पानभर जाहिरात असते. दुसरे पान उलटावे, तर कधीकधी तिथेही तेच. ज्या पानाच्या मथळ्याच्या अधिकाराबद्दल मी वर एवढे लिहिले, ते पान दिवाळीच्या आठवड्यात भाड्याने दिलेले असते. जिल्हा आवृत्त्यांचे एक वेगळेच दुखणे आहे. आमच्या साताऱ्याकडच्या आवृत्तीत कोणत्या नेत्याच्या वाढदिवसाला कोणी कोणता हार घातला, हे साग्रसंगीत येते. नांदेडला पूर आला तर मात्र तो पाण्याने नव्हे, जागेच्या टंचाईने आटतो. आपल्या माणसांची नावे छापून आली की अंक खपतो, हे व्यापारी सत्य आहे. पण शेजारच्या जिल्ह्याची ओळख त्यापायी पुसट झाली.

आणि याहून मोठे पाप २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उघडे पडले. पैसे मोजून बातमी छापून घेण्याची रीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी दाखवून दिले, की प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारख्या मजकुरात छापली गेली होती. आम्ही शाळेत दोन मुलांच्या वहीत सारखा निबंध आला तर दोघांना उभे करतो. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. २०१० साली तिचा अहवाल तयार झाला. पण कौन्सिलने छोटासा सारांश बाहेर काढून मूळ अहवाल ठेवून दिला. माहितीच्या अधिकाराखाली तो मिळवावा लागला, तोही २०११ साली. हा अहवाल छापील वर्तमानपत्रांविषयी होता. कागदावर आले म्हणजे खरे, हा भाबडेपणा त्यानंतर कोणी बाळगू नये.

आता पैशाचा हिशेब मांडू, कारण सारा वाद तिथून सुरू झाला आहे. छापील दैनिकाला महिन्याकाठी दीडशे-दोनशे रुपये पडतात. तेवढ्यात आपण वर्तमानपत्राचे धनी झालो, असे वर्गणीदाराला वाटते. वस्तुस्थिती अशी, की अंकाचा कागद, शाई, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा खर्चही त्या किमतीतून धड निघत नाही. पगार तर दूरच. उरलेला खर्च जाहिरातदार देतो. म्हणजे आपण ज्याला विकतचे म्हणतो तेही निम्मेशिम्मे फुकटच असते. त्यात पुन्हा वार्षिक वर्गणीबरोबर भेटवस्तूची योजना आणि शंभर दिवस कूपने चिकटवण्याचा तक्ता. आमच्या आळीत एका घरी दोन दैनिके येत. त्यातले एक केवळ कूपनांसाठी येई आणि कात्री लागल्यावर न वाचताच माळ्यावर जाई. अशा वर्गणीदाराला त्या पत्राने मान द्यावा तो कशासाठी?

हा रोग जुना आहे, आणि त्यावर एकदा औषधही करून झाले. १९५६ साली संसदेने कायदा केला : अमुक पानांच्या वर्तमानपत्राची किंमत अमुकपेक्षा कमी असता कामा नये. त्याखाली १९६० साली आदेश निघाला. हेतू असा, की धनवान पत्रांनी भरपूर पाने स्वस्तात देऊन लहान पत्रांना बुडवू नये. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते पुण्याचे 'सकाळ'. सात नव्या पैशांना अंक विकणाऱ्या या पत्रापुढे एकतर पाने कमी करायची किंवा किंमत वाढवून खप घालवायचा, असे दोनच मार्ग उरले होते. १९६१ साली न्यायालयाने तो कायदा आणि आदेश रद्द ठरवला. किती मजकूर द्यावा आणि तो किती लोकांपर्यंत पोचवावा, हे भाषणस्वातंत्र्याचेच अंग आहे, असा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. सरकारने पाने मोजायला बसणे ही भयंकर गोष्ट आहे. पण कायदा करणाऱ्यांनी जी भीती बोलून दाखवली होती, ती पोकळ नव्हती. किंमत उतरत गेली, जाहिरात वाढत गेली, आणि बातमीची खरी किंमत किती हे वाचक विसरून गेला. पुढे मोबाईल आला तेव्हा दीडशे रुपयांवरून शून्यावर यायला त्याला जड गेले नाही. अर्धी वाट कागदानेच त्याच्याकडून चालवून घेतली होती.

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास हा थोडाफार थकलेल्या वर्गणीचाच इतिहास आहे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. १८४० साली ते बंद पडले. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही, असे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. अंकाचे स्तंभच्या स्तंभ त्यांनी एकट्याने लिहून भरले, वर्गणीदारांना विनवण्या केल्या, आणि १९२९ मध्ये पैशाअभावी ते पत्रही थांबले. ही हकीकत दोन्ही बाजूंनी वाचता येते. बातमीला वर्गणी लागते, हे एक. पण ज्यांच्यापाशी वर्गणी नाही आणि ज्यांना छापखान्याचे दार बंद आहे, त्यांचे काय, हे दुसरे. फुकट पडद्याच्या बाजूने जे सर्वांत बलवान बोलता येईल ते हेच आहे. आज वस्तीतल्या मुलाला आपले म्हणणे मांडायला कोणत्याही संपादकाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. ज्यांना शंभर वर्षे 'वाचकांचा पत्रव्यवहार' या सदरातही जागा मिळाली नाही, त्यांची लहान वृत्तस्थळे आज चालतात, आणि त्यातली काही मोठ्या दैनिकांनी टाळलेल्या बातम्या धीटपणे देतात. परदेशी गेलेल्या किंवा इंदूर-बडोद्याला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला सकाळी सकाळी आपल्या गावची बातमी मिळते. दृष्टी नसलेल्याला फोन ती वाचून दाखवतो. या गोष्टी कागदाला कधीच करता आल्या नाहीत.

मग फुकट बातमीचे मोल कोण देतो? जाहिरातदार देतोच. पण कधीकधी ते फार भलत्या माणसाला चुकवावे लागते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भटक्या जमातीच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. सोलापूरकडचे भिक्षेकरी होते ते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. तिला गाव नव्हते, तारीख नव्हती, लिहिणाऱ्याचे नाव नव्हते.

न्यायाने बोलायचे, तर अफवेला मोबाईलच लागतो असे नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता सकाळपासून दुपारपर्यंत देशभर पोचली. तेव्हा मोबाईल नुकताच आला होता आणि तोही थोड्या शहरांतल्या श्रीमंतांच्या हाती. आणि अफवा म्हणजे वृत्तस्थळाची बातमी नव्हे, हेही खरे. परंतु २०१६ च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट एकदम स्वस्त झाले, बातमी आणि अफवा एकाच पडद्यावर, एकाच आकारात, एकाच किमतीला म्हणजे फुकट मिळू लागल्या. कागद होता तेव्हा निदान पाटी वेगवेगळी असे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तो काळ आठवावा. एप्रिलमध्ये राज्य सरकारने काही दिवस दैनिकांच्या घरपोच वाटपाला मनाई केली. पुढे ती मुंबई-पुणे आणि साथीचे भाग सोडून उठवली. त्या दिवसांत दैनिकाची पाने मोबाईलवर एकमेकांना धाडण्याची सवय लागली. तसे करणे बेकायदा आहे, असे वृत्तपत्रांनी जाहीर केले. कोणी मनावर घेतले नाही. पण मौज पाहा : मोबाईलवर हजार गोष्टी येत असताना लोक मागत होते ते छापील दैनिकाचे पानच. तारीख असलेले, गाव असलेले, घडीच्या वर-खाली ठरवलेले पान. साथ किती पसरली, दुकान कोणते उघडे, हे ज्याला खात्रीने हवे होते, त्याला कोणीतरी जबाबदारीने ठरवलेला मजकूर हवा होता. काचेवर वाचायला कोणाचीच ना नव्हती.

म्हणून कागद की काच, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. वर्गणी देऊन काचेवर वाचा, चालेल. इंग्रजीत त्याची वाट पडली आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०११ साली आपल्या संकेतस्थळावर पैसे मागायला सुरुवात केली आणि वाचकांनी ते दिले. लंडनचे 'गार्डियन' दार उघडे ठेवते आणि ज्याला जमेल त्याच्याकडून वर्गणी घेते. मराठीत काही दैनिकांनी निवडक लेखांपुरता प्रयत्न केला आहे, पण आपल्या वाचकाची पहिली प्रतिक्रिया असते, "पैसे? बातमीचे?" हाच वाचक दोनशे रुपयांची कॉफी पितो, हे म्हणणे आता शिळे झाले आणि ते पूर्ण न्याय्यही नाही. माझ्या शाळेतल्या पुष्कळ पालकांना दोनशे रुपये सहज नाहीत. त्यांच्यासाठी पूर्वी गावाचे वाचनालय होते, न्हाव्याचे दुकान होते, एस.टी. स्टँडवरची टपरी होती. एक अंक वीस जण वाचत. कागद हातोहात जातो, तो वाचनालयाच्या टेबलावर पसरतो. मोबाईलची वर्गणी एकाच्या खिशात राहते. फुकट हवेच असेल तर हे फुकट मला मान्य आहे : एकाने दिले, वीसांनी वाचले.

पहाटेच्या माणसांचेही इथे सांगितले पाहिजे. गठ्ठे उतरवायचे, पुरवण्या आत घालायच्या आणि उजाडायच्या आत दीडशे दारे गाठायची. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लहानपणी रामेश्वरमला हे काम केले होते. युद्धकाळात गाडी तिथे थांबेनाशी झाली, तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे ते गोळा करीत. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांतून होतो. आमच्याकडेही होतो. मुले रांगेत बसून पुस्तके वाचतात, फोटो निघतात. त्या दिवशी सकाळी सायकलवरून शाळेत अंक टाकणाऱ्या काकांना कोणी आत बोलवत नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे आणि यंदा मुख्याध्यापकांना मी ती बोलून दाखवली.

शाळेच्या वाचनालयाचे दैनिक गेल्या जूनमध्ये बंद होणार होते. मंडळाचे म्हणणे फोनवर सगळे असते, हेच. मी वरचे सगळे त्यांना एवढ्या शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की वर्गात चाळीस मुले आहेत आणि चाळीस मोबाईल शाळेत आणायची परवानगी मंडळ देणार नाही. त्याचा उपयोग झाला. आता दोन दैनिके येतात, मुद्दाम एकमेकांशी न पटणारी. आणि एका डिजिटल वृत्तस्थळाची वर्षाची वर्गणी शिक्षकांनी मिळून भरली आहे. त्यातला एखादा चांगला लेख मी आठवड्याला वर्गात वाचून दाखवतो. जुने अंक रद्दीत जात नाहीत. जुन्या दुव्यावर बोट ठेवले की पुष्कळदा कोरे पान उघडते. कपाटातला जुलैचा गठ्ठा मात्र जुलैचाच राहतो, म्हणून महिन्याची फाईल बांधायची ठरली आहे. सातवीतली ती एस.टी.वाली मुलगी फाईलप्रमुख आहे. कोणता मथळा कुठे हवा होता, ते ती पेन्सिलीने समासात लिहून ठेवते. मंजुरी एका वर्षाचीच आहे. मार्चमध्ये मंडळ पुन्हा विचार करणार आहे. तोवर फाईल शिवायला जाड दोरा आणि दाभण आणून ठेवले आहे.